कोण म्हणून?

परवानगी नाकारली. या वाक्यात कर्ता नाही, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. 'कळविण्यात येते की' अशा थाटाच्या पत्रात कळवणारा कधी सापडत नाही, तशातलाच प्रकार. कुणी नाकारली, कशासाठी, दाद कुणाकडे मागायची, काही पत्ता नाही. पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेतून, लिहायला म्हणून फाइल उघडावी आणि पडद्यावर 'परमिशनएरर, एररनो १३, परमिशन डिनाइड' अशी ओळ यावी, की आधी राग येत नाही, अपमान वाटतो. मशीन माझं, फोल्डर माझा, फाइलसुद्धा मीच केलेली, आणि मलाच दारात ताटकळत ठेवलंय.

बाकीच्या चुकांचं असं होत नाही. कंस राहिला, स्पेलिंग चुकलं, शून्याने भागलं, तर चूक आपली असते आणि आपण ती मुकाट्याने दुरुस्त करतो. इथे मात्र बहुतेक वेळा कोडमध्ये काहीच चुकलेलं नसतं. तोच कोड शेजारच्या टेबलावर बिनतक्रार चालतो. म्हणजे कोड पुन्हा पुन्हा वाचण्यात अर्थ नसतो, आणि आपण नेमकं तेच करत बसतो. मी तर दोन दिवस केलं.

झालं होतं असं. रोज रात्री दोन वाजता एक छोटा प्रोग्राम चालायचा. दिवसभराचे आकडे गोळा करून लोक यायच्या आत अहवाल एका फोल्डरमध्ये ठेवायचा, त्याआधी नोंदवहीत, म्हणजे लॉगच्या फाइलमध्ये, एक ओळ वाढवायची, एवढंच त्याचं काम. मीच लिहिलेला. वर्षभर त्याच्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं, आणि असल्या प्रोग्रामची याहून मोठी तारीफ नसते. मग एका सकाळी अहवाल नाही. ठरल्या वेळी प्रोग्राम चालवणाऱ्या क्रॉनने पाठवलेल्या मेलमध्ये एकच वाक्य: 'अहवाल लिहिता आला नाही.'

मी प्रोग्राम हाताने चालवला. चालला. अहवाल तयार. रात्री पुन्हा तेच वाक्य. सकाळी हाताने चालवला, पुन्हा सुरळीत. दिवसा शहाणा आणि रात्री वेडा, असा प्रोग्राम मी पहिल्यांदाच पाहत होते. डिस्क भरली असेल म्हणून ती तपासली, निम्मी रिकामी होती. एखादी लायब्ररी बदलली असेल म्हणून तिच्या आवृत्त्या पाहिल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वैतागून शेवटी जे सगळेच करतात ते केलं: फोल्डरवर सीएचमॉड, म्हणजे अधिकार बदलायची आज्ञा, ७७७. या, बघा, लिहा, पुसा, कुणीही, केव्हाही. आणि रात्री दोनला तरीही तेच वाक्य.

सर्व्हर सांभाळायला आमच्याकडे एक मॅडम होत्या. बोलणं मोजकं. त्यांच्याकडे जायचं म्हणजे आपल्याला काय येत नाही याची यादी त्यांच्या टेबलावर मांडायची, म्हणून मी शक्यतो टाळायचे. पण आता इलाज नव्हता.

"मॅडम, हाताने चालवलं की चालतं हो. रात्रीच काय होतं तेच कळत नाही."

"हाताने म्हणजे कोण म्हणून?"

"म्हणजे? मीच."

"तुझ्या खात्यातून, की सुडो लावून?"

"सुडो लावून. त्याशिवाय चालतच नव्हतं."

"अगं, मग तू कुठे चालवलंस? रूटने चालवलं. आणि रात्री कोण चालवतं?"

रूट म्हणजे मशीनवर सगळे अधिकार असलेलं खातं, आणि सुडो म्हणजे त्याच्या नावाने आज्ञा चालवणं. रात्री मात्र 'अहवाल' नावाचं एक खातं चालवायचं. याच कामासाठी काढलेलं, बाकी कुठेही पाऊल टाकायची मुभा नसलेलं. मी दोन दिवस ज्या चाचणीवर भरवसा ठेवून बसले होते, ती वेगळ्याच माणसाची होती.

"एरर काय आली?"

"अहवाल लिहिता आला नाही."

"ते तुझं वाक्य झालं. सिस्टीम काय म्हणाली?"

सिस्टीम काय म्हणाली ते मलाच माहीत नव्हतं, कारण तिचं तोंड मीच बंद केलं होतं. प्रोग्राम नीटनेटका दिसावा म्हणून सगळ्या चुका एकाच झोळीत पकडून त्यावर एक सभ्य मराठी वाक्य छापलं होतं. मॅडमनी ती ओळ काढायला लावली आणि प्रोग्राम 'अहवाल' खात्यातून चालवला. मग सिस्टीम बोलली. तेरा नंबर, परमिशन डिनाइड, आणि शेवटी अवतरणचिन्हांत फाइलचा पूर्ण पत्ता. फाइल अहवालाची नव्हतीच. लॉगची होती. पायथन फाइलचं नाव दर वेळी देतो, अगदी ओळीच्या टोकाला. 'डिनाइड' वाचल्यावर पुढे कोण वाचतं?

एलएस मायनस एल, म्हणजे फाइलींचे मालक आणि अधिकार दाखवणारी आज्ञा, दिल्यावर लॉगचा मालक दिसला: रूट. अधिकार ६४४, म्हणजे मालकाने वाचावं-लिहावं, बाकीच्यांनी नुसतं वाचावं. लॉग फार फुगला म्हणून पहिल्या फसलेल्या रात्रीच्या आदल्या दुपारी मी तो उडवला होता, आणि सगळं ठीक आहे ना हे पाहायला प्रोग्राम एकदा सुडो लावून चालवला होता. नवा लॉग जन्मला तो रूटच्या हातून. चोर शोधत दोन दिवस गावभर फिरावं आणि तो आपल्याच ओसरीवर निघावा, तसं.

आणि ते ७७७? "फोल्डर उघडा टाकलास म्हणून आतली जुनी फाइल उघडी होत नाही," मॅडम म्हणाल्या. "उलट आता 'अहवाल'ला तो लॉग पुसून टाकता येईल. त्यात एक ओळ मात्र वाढवता येणार नाही."

हे वाक्य मला त्या दिवशी कळलं नाही. ज्याला लिहायची परवानगी नाही त्याला पुसायची कशी? कळलं ते फोल्डर म्हणजे नेमकं काय हे समजल्यावर. फोल्डर म्हणजे खोली किंवा पेटी अशी आपली समजूत असते, कारण त्याचं चित्रच तसं काढलेलं असतं. युनिक्सच्या, म्हणजे लिनक्स आणि मॅक ज्या घराण्यातले त्या कार्यप्रणालीच्या, लेखी फोल्डर म्हणजे नावांची यादी. कोणतं नाव, त्याचा मजकूर कुठे ठेवलाय, बस्स. फाइल उडवणं म्हणजे यादीतलं एक नाव खोडणं. ते काम यादीवर होतं, फाइलवर नाही. त्यामुळे विचारणा यादीच्या परवानगीची होते. नवी फाइल करणं, नाव बदलणं, सगळं याच हिशेबात येतं. म्हणून फाइल 'फक्त वाचा' अशी करून ठेवली की ती सुरक्षित झाली, हा समज भाबडा आहे. ज्या फोल्डरवर सगळ्यांना लिहिता येतं तिथे तुमची फाइल कुणीही खोडू शकतो. सगळ्यांच्या सामायिक टेंप फोल्डरवर म्हणूनच ७७७ च्या आधी एक जास्तीचा १ असतो. यादीत भर कुणीही घालावी, खोडताना मात्र आपलंच नाव खोडावं, असं तो १ सांगतो.

फोल्डरच्या बाबतीत वाचणं आणि लिहिणं यांच्यानंतरचा तिसरा अधिकारही चकवतो. फाइलवर तो 'चालवा' असा असतो, फोल्डरवर त्याचा अर्थ 'यातून पुढे जा' असा होतो. फाइलवर सगळे अधिकार असूनही वाटेतल्या एखाद्या वडीलधाऱ्या फोल्डरवर हा अधिकार नसेल, तर तिच्यापर्यंत पोचताच येत नाही आणि एरर तीच, तेरा. फाइलचे अधिकार तासभर निरखले तरी काही सापडत नाही, कारण अडथळा दोन मजले वर असतो. लिनक्सवर 'नेमआय मायनस एल' नावाची एक आज्ञा आहे. ती पूर्ण पत्ता घेऊन एकेका पायरीचा मालक आणि अधिकार ओळीने मांडते. ही आज्ञा मला नोकरीच्या पहिल्या आठवड्यात कुणी सांगितली असती तर माझे काही केस आज काळे असते.

पण मनात घर करून राहिला तो मॅडमचा पहिला प्रश्न. कोण म्हणून?

फाइलला मी माहीत नसते. तिच्याशी गाठ पडते ती एका चालू प्रोग्रामची, आणि त्या प्रोग्रामच्या अंगावर एक आकडा असतो. फाइलवरही एक आकडा असतो. कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, आकड्याशी आकडा ताडून पाहतो. नावं आपल्या सोयीसाठी, छापताना शेजारी लावलेली. कंटेनर, म्हणजे मशीनच्या आत प्रोग्रामसाठी केलेली वेगळी बंदिस्त जागा, वापरणाऱ्यांना हे पहिल्याच आठवड्यात ठेचकाळत शिकावं लागतं: बाहेरचा फोल्डर आत जोडला, आत नावही तेच ठेवलं, तरी लिहिता येत नाही, कारण बाहेर तो १००० आहे आणि आत १००१. नाव जुळवण्यात दिवस जातो.

आकड्यांची यादी जुळते का हेही क्रमाने पाहिलं जातं. आधी मालक आहे का? असेल तर मालकाचाच रकाना लागू, पुढचं पाहायचं नाही. नसेल तर गटात आहे का? नसेल तर 'बाकीचे'. त्यामुळे मालकाच्या रकान्यात लिहायची मुभा काढून घेतली आणि 'बाकीच्यां'ना ठेवली, तर मालकाला मनाई आणि परक्याला मोकळं रान, असा चमत्कार घडतो. मी तो मुद्दाम करून पाहिलाय. फार समाधान वाटलं, का ते सांगता येत नाही. (मालकाला आपल्याच फाइलचे अधिकार केव्हाही बदलता येतात हे खरं, पण आधी मागावं लागतं.)

गटांची गंमत आणखी वेगळी. एखाद्याला गटात घेतलं, यादीत त्याचं नावही दिसतंय, तरी त्याला लिहिता येत नाही. कारण गटांची यादी लॉगइन करताना अंगावर चढते आणि चालू प्रोग्राम जुनी यादीच घेऊन फिरत राहतात. 'आयडी' ही आज्ञा नुसती दिली तर 'मी आत्ता कोण आहे' ते सांगते, आणि पुढे नाव लिहून दिली तर 'नोंदीप्रमाणे हा कोण आहे' ते सांगते. दोन्ही उत्तरं वेगळी आली की समजावं, बाहेर जाऊन पुन्हा आत यायला हवंय. एका सहकाऱ्याला मी हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे मला बढती मिळालीय, फक्त मला कळलेलं नाही?" जवळजवळ तसंच.

'कोण म्हणून' हा प्रश्न मुद्दाम वाकवायची सोयही युनिक्समध्ये अगदी सुरुवातीपासून आहे. पासवर्ड बदलताना साधा माणूस अशा फाइलमध्ये बदल घडवतो जिच्यात लिहायची त्याला अजिबात परवानगी नाही. ते जमतं, कारण पासवर्ड बदलणारा प्रोग्राम चालवणाऱ्याच्या नव्हे, स्वतःच्या मालकाच्या अधिकाराने चालतो. ही कल्पना बेल लॅब्जच्या डेनिस रिची यांची. तिच्या पेटंटचा अर्ज १९७३ चा आणि पेटंट मिळालं १९७९ मध्ये. एका बिटचं, म्हणजे हो-नाहीच्या एका खुणेचं, पेटंट! पुढे ते सर्वांसाठी खुलं करण्यात आलं.

विंडोजवरची तेरा नंबरची एरर मात्र अनेकदा या सगळ्याशी संबंध नसलेली असते. तिथे नवशिक्या माणसाचं सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे तीच फाइल एक्सेलमध्ये उघडी आहे. अधिकार भरपूर आहेत, पण दुसऱ्याने वहीवर हात ठेवलाय. विंडोजचा स्वतःचा नंबर त्यासाठी ३२, 'फाइल दुसऱ्या कुणाच्या वापरात', पण पायथनच्या साध्या 'ओपन'मधून वर येताना त्याचा तेरा होतो आणि माणूस परवानग्यांच्या खिडक्या उघडत सुटतो. दुसरं कारण याहून साधं: फाइलच्या नावाऐवजी फोल्डरचाच पत्ता दिलेला असतो. लिनक्सवर पायथन 'हा फोल्डर आहे' असं सरळ सांगतो. विंडोजवर तोच 'परवानगी नाही' म्हणतो.

नंबराकडे बघायची सवय मला या प्रकरणानंतर लागली. २०१२ मध्ये आलेल्या पायथन ३.३ ने या चुका नीट वर्गवार लावल्या, तेव्हापासून 'परमिशनएरर' या एका नावाखाली दोन नंबर येतात, १३ आणि १. तेरा म्हटलं की बहुधा अधिकारांचे ते नऊ बिट (मालक, गट आणि बाकीचे, प्रत्येकी तीन) किंवा वाटेतला फोल्डर. एक आला की मात्र प्रकरण बिटांच्या पलीकडचं असण्याची शक्यता जास्त. फाइलवर 'बदलता येणार नाही' असा शिक्का मारलेला असतो आणि मग तो काढेपर्यंत रूटलाही नकार मिळतो. मॅकवर २०१९ च्या कॅटालिनापासून डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्ससारख्या फोल्डरांना हात लावायचा तर त्या ॲपला आधी संमती लागते. आज्ञा टाइप करायच्या टर्मिनलला ती दिलेली नसेल तर सीएचमॉड कितीही करा, उत्तर तेच. आणि ३० नंबर आला तर परवानग्यांचा नादच सोडावा: ती अख्खी डिस्कच फक्त वाचण्यासाठी जोडलेली आहे, कदाचित तिच्यात बिघाड आढळला म्हणून लिनक्सनेच तशी करून ठेवली आहे. अशा वेळी परवानग्यांशी झटापट करणं म्हणजे आजारी माणसाशी वाद घालणं.

नुसतं फाइलचं नाव देण्याची चूकही याच घरातली. पत्ता न देता 'अहवाल.सीएसव्ही' एवढंच लिहिलं की ती फाइल प्रोग्राम ज्या फोल्डरमध्ये उभा असेल तिथे होऊ पाहते. आपण चालवतो तेव्हा आपल्या फोल्डरमध्ये, पण सिस्टमडीची, म्हणजे लिनक्सवर पार्श्वभूमीत प्रोग्राम चालवणाऱ्या व्यवस्थेची, सेवा म्हणून चालला तर काही वेगळं सांगितलेलं नसताना तो उभा असतो थेट सगळ्या फोल्डरांच्या मुळाशी, जिथे साध्या खात्याला काडीही ठेवता येत नाही. तिथे मिळालेला नकार योग्यच असतो. आपल्याला तिथे लिहायचंच नव्हतं.

७७७ बद्दल माझं मत आता टोकाचं आहे. कोंडी कुठे आहे ते न शोधता सगळ्या भिंती पाडण्याचा तो प्रकार आहे, आणि वाईट म्हणजे कधीकधी त्याने काम होतं. काम झालं की कारण शोधायचं राहून जातं. एसएसएचची, म्हणजे दूरच्या मशीनवर सुरक्षितपणे शिरायच्या सोयीची, मला म्हणूनच गंमत वाटते. खाजगी किल्लीची फाइल सगळ्यांना वाचता येईल अशी ठेवली, तर ती 'अधिकार फारच मोकळे आहेत' असं सांगून ती किल्ली वापरायलाच नकार देते. जास्त परवानगी दिली म्हणून दार बंद.

त्या दुरुस्तीनंतर मी उत्साहात एक शहाणपणा केला. लिहिण्याआधी 'लिहिता येईल का' असं विचारणारी ओळ प्रोग्राममध्ये घातली. पायथनमध्ये 'ओएस डॉट ॲक्सेस' त्यासाठीच आहे. मॅडमनी ती वाचली आणि काढायला सांगितली. विचारणं आणि लिहिणं यांच्यामध्ये क्षणभर का होईना वेळ जातो, आणि तेवढ्यात उत्तर बदलू शकतं. नेमकं त्या फटीतून घुसणारेही असतात, असं पायथनची अधिकृत माहितीही बजावते. शिवाय उत्तर 'हो' आलं तरी लिहिताना नकार मिळू शकतो. मग विचारायचं कशाला? सरळ उघडायला जावं, नकार मिळाला तर तो झेलावा, आणि झेलताना त्याचे मूळ शब्द गिळू नयेत.

त्या वेळी त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. एक फाइल प्रोग्रामने उघडली, लिहायला सुरुवात केली. मॅडमनी बाजूच्या खिडकीतून त्या फाइलवरचे सगळे अधिकार काढले, अगदी ०००. प्रोग्राम लिहितच राहिला. मग त्यांनी फाइलच उडवली. तरी तो लिहित राहिला, नाव नसलेल्या फाइलमध्ये. परवानगीची चौकशी फक्त उघडताना होते. एकदा आत घेतलं की पुन्हा कुणी विचारत नाही. हात सोडला आणि परत यायला गेलं, की मग पुन्हा उंबरठ्यावर उभं राहायचं. मी बराच वेळ त्या पळत्या ओळींकडे बघत होते. मॅडमनी प्रोग्राम थांबवला, ओळी थांबल्या, आणि डिस्कवरची तेवढी जागा मोकळी झाली.

लॉगची फाइल 'अहवाल'च्या नावावर केली, फोल्डर ७७७ वरून ७५० वर आणला, माझं ते सभ्य वाक्य काढून टाकलं. प्रोग्राम अजून चालतो. कुणी ढुंकून बघत नाही.

मॅडम गेल्या वर्षी नोकरी सोडून गेल्या. सर्व्हरचं काम माझ्याकडे आलं, आणि पहिल्या यादीतच होतं: त्यांचं खातं काढून टाकणं. केलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या जुन्या स्क्रिप्टच्या फोल्डरमध्ये एलएस मायनस एल दिलं, तर मालकाच्या रकान्यात जिथे त्यांचं नाव असायचं तिथे नुसता १००७. फाइली होत्या तशाच होत्या, तारखाही त्याच. आकड्याला लावायला नाव उरलं नव्हतं एवढंच.

नियमाप्रमाणे त्या फाइली दुसऱ्या कुणाच्या नावावर करायला हव्यात. एका ओळीचं काम आहे. मी ते तीन आठवडे पुढे ढकललं. मधल्या काळात एक नवा मुलगा रुजू झाला आणि त्याचं खातं उघडायची वेळ आली. १००७ हाच शेवटचा आकडा होता, त्यामुळे सिस्टीमने आपल्या मनाने त्याला तोच दिला असता, आणि पहिल्याच दिवशी मॅडमच्या सगळ्या फाइलींवर त्याचं नाव झळकलं असतं. मी आकडा हाताने टाकला. १००८.